दादा, रविवारी येऊ नकोस

वालूर,
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय दादा,

नमस्कार. काशीनाथने तुझी चिठ्ठी आणि औरंगाबादच्या स्कॅनचं ते हे एवढं मोठं पाकीट आणून दिलं. लेक बिचारा बापाला घेऊन हेलपाटे घालतोय, आणि तू काय लिहितोस, तर ऑपरेशन-बिपरेशन काही नको, रविवारी उपाशीपोटी जीपमध्ये आडवा पडून वालूरला येतो, चांगुणे, तू तीनदा पाय लाव की मी उभा! वा रे वा. तिकडे वहिनीचा जीव टांगणीला आणि तुझं हे भलतंच. दादा, रविवारी येऊ नकोस. आलास तर चहा मिळेल, जेवण मिळेल, पण माझा पाय तुझ्या पाठीला लागणार नाही. चिडलास ना? चीड. पण पत्र अर्धं टाकू नकोस, तुला माझी शपथ आहे.

तुझंही चुकत नाही म्हणा. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, मी पायाळू, हे ऐकतच मी मोठी झाले. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो माणूस आपल्या दारात येऊन पालथा पडायचा. मी परकर सावरून डावा पाय पाठीला लावायची, एक, दोन, तीन, आणि ती थोराड माणसं नारळ ठेवून माझ्या पाया पडायची. सात वर्षांची होते मी! तू आठ वर्षांनी मोठा, तूसुद्धा पडलास. आभाळ गडगडलं की मात्र माझी लय पंचाईत. पायाळूवर वीज पडते म्हणून माय मला घोंगड्याखाली दडवायची आणि तू बाहेरून वेडावून दाखवायचास. लग्न होऊन इथे आले, तर सासूबाईंचा अख्ख्या गल्लीला धाक. पण पहिल्याच वर्षी त्यांची कंबर धरली, माझा पाय लागला, पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागल्या. त्यानंतर त्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. शाळेतली नोकरीसुद्धा करू दिली ती त्या पायाच्या पुण्याईवर.

काल रजा टाकून मी आणि हे तुझी फिल्म घेऊन परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट इंग्रजीत, मी प्राथमिकची बाई, जेवढं कळलं ते घाबरण्यापुरतंच. तीन ठिकाणी दोष लिहिलाय. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि म्हणाले, बाई, यातल्या दोन जागा विसरा. मणक्यांच्या कडा झिजल्यात, मधल्या गाद्या वाळल्यात. पन्नाशीतल्या, जन्मभर रानात वाकलेल्या माणसाच्या फिल्ममध्ये हे निघायचंच, मग त्याची कंबर दुखो न दुखो. इलाज फिल्मवर करायचा नसतो, माणसावर करायचा असतो. तिसरी जागा मात्र खरी. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी उसवलीय. जुन्या गादीतून कापूस निघावा तसा आतला भाग बाहेर आलाय आणि डाव्या पायाच्या शिरेवर बसलाय. म्हणून कंबरेपेक्षा तुझी पोटरीच जास्त ठणकते.

मी विचारलं, मग ऑपरेशनच का? ते म्हणाले, बहुतेकांना लागतच नाही. एक-दोन दिवस पडून राहायचं, गोळ्या घ्यायच्या, मग जमेल तसं चालायचं, पुढे व्यायाम. दहातले आठ-नऊ जण दीड-दोन महिन्यांत आपोआप बरे होतात. ठणका फारच असला तर मणक्याजवळ इंजेक्शन देतात. तुला नुसती कळ असती तर त्यांनी हेच सांगितलं असतं. पण काशीनाथ सांगतो, तीन आठवड्यांत तुझा डावा अंगठा वर उचलेनासा झालाय, चवडा जमिनीला घासतो, आणि तू वहिनीला सांगतोस की थकवा आहे. कसला थकवा? ती शीर मरायला लागलीय, दादा. आता मोकळी केली तर पाय वाचायची आशा आहे, दिवस घालवलेस तर तो तसाच लोंबता राहील. ऑपरेशननेही पक्की खात्री कुणी देत नाही, हेही त्यांनी सांगितलं, मी लपवत नाही. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर रविवारचीही वाट पाहायची नाही, त्याच घटकेला निघायचं. अशा पाठीवर कुणी पाय मारला तर काय होईल, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी शीरही जाईल.

येताना एसटीत मी एकेक माणूस आठवत होते. दहातले आठ-नऊ आपोआप! म्हणजे सासूबाई काय, नारळ ठेवून गेलेली ती सगळी माणसं काय, माझा पाय लागला नसता तरी चालायलाच लागली असती. आणि मानवतचा आश्रुबा हमाल? त्याचा पाय बधिर होता. मी त्याला तीन रविवार बोलावलं. आज तो काठी टेकत पाय ओढतो आणि बाजारात दिसले की अजून मला हात जोडतो.

आता लिहिते ते मी ह्यांनाही काल रात्रीच पहिल्यांदा सांगितलं. तू डॉक्टरांचं ऐकणार नाहीस, फिल्मचं ऐकणार नाहीस, तुझा भरवसा माझ्या पायावर. म्हणून तो भरवसाच मोडायला हे पत्र लिहायला बसले. माय गेली त्या आठवड्यात तिने सगळ्यांना बाहेर काढून मला एकटीला जवळ बसवलं होतं. तुम्हाला वाटलं, दागिन्यांचं काही असेल. ती म्हणाली, “पोरी, तू पायाळू न्हाईस. लागोपाठ तिसरी पोरगी झाली. आप्पा तुजं तोंड बघंनात, नाव नकुशी ठेवायलते. मी कडूबाई सुईणीच्या पाया पडले, मनलं, पायाळू झाली मनून सांग. लेकराला मान तरी मिळंल.” नऊ वर्षं मी हे गिळून बसले. तो मान मला सोडवेना दादा, खरं एवढंच आहे. आश्रुबाच्या पाठीला पाय लावला तेव्हा मला हे माहीत होतं. रविवारची जीप तीच ठेव, पण ती औरंगाबादकडे जाईल. मी आणि हे सकाळी सातला जिंतूरच्या स्टँडवर थांबतो. डॉक्टरांनी तिथल्या दवाखान्याला चिठ्ठी दिलीय, सोमवारी पहाटे दाखल करून घेतील. हे पत्र वहिनीला वाचून दाखव. गावात सांगायचं तर सांग. माझ्यावर राग धर, दवाखान्यात माझ्याशी बोलूसुद्धा नकोस. पण बरा झालास की भांडायला माझ्या दारात ये, आणि येशील तो आपल्या दोन्ही पायांनी चालत ये.

तुझीच,
चांगुणा