वाढत्या मापाची मूठ

१२ मार्च २०१५, गुरुवार, सीब

ह्यांना ड्युटी होती, म्हणून निशाबरोबर क्लबात मीच गेले. नेमबाजीच्या संघात यायचं तर तिला स्वतःचं छऱ्यांचं पिस्तूल पाहिजे. मुठी तीन मापांच्या. मी म्हटलं मोठी द्या, वाढत्या अंगाची पोर आहे. युनिफॉर्म तसाच घेतो की आपण. त्यात काय चुकलं?

निशा म्हणाली, "मम्मी, माझा फिंगर पोचत नाय."

"पोचेल. दोन घास जास्त खा."

शिकवणाऱ्या मॅडमनी पिस्तुलाला मोठी मूठ बसवली. तिला मोठ्या मुठीनं मारायला लावलं. बोट चापावर नीट पोचेना, मग पोर सगळा हातच पिळायची. छर्रा कागदाच्या बाहेर. पुन्हा तेच. मग बारकी मूठ दिली. बोट सरळ चापावर, आणि छर्रा मधल्या काळ्या गोलात.

तरी मी म्हटलंच, पुढच्या वर्षी हात मोठा झाला तर?

मॅडम हसल्या. "पुढच्या वर्षीची मुलगी पुढच्या वर्षी आणा. निवडीला हिला उभं राहायचंय."

बारकीच सांगून आले. हे कटकट करतील. करू देत.

घरी जिना चढताना निशाच्या चपला फटाफट वाजत होत्या. पाय उचलून चाल, असं मी रोज ओरडते. आज खाली बघितलं, तर टाचेमागे बोटभर चप्पल रिकामी.

उद्या सुट्टी आहे. सूकला, इथल्या अरबी बाजारात, नेते तिला.