खाली की वर

४ मे

आपलं गाव कुठे आहे?

प्रश्न कचेरीतल्या साहेबांचा. मला उत्तर येत नाही. जन्म इथला, वर बी.ए. झाले, आणि येत नाही!

साहेब चांगले आहेत. म्हणाले, "तुमच्या गावातली पहिली पदवीधर तू. मग गावाची माहिती तूच लिही. एक पान पुरे. वस्ती कुठे, पीक कोणतं, पाणी कुठलं. नर्सबाईंची खोली कुठे बांधायची ते त्यावरून ठरेल." मी हवेतच नावेत बसले. नदीच्या मध्यावर आल्यावर डोक्यात आलं — वस्ती कुठे म्हणजे कुठली लिहू?

५ मे

शांतपणे मांडून बघते.

वर्षातला बहुतेक काळ आम्ही खाली, नदीकाठी. केळी, भाजी, कलिंगडं, सगळं त्या गाळावर. नदी चढायला लागली की वर, टेकडीवर. प्रत्येकाचं खाली एक घर, वर एक घर. भिंती दोनदा, छप्पर दोनदा, दार मात्र एकच! खालच्या चौकटीतून काढायचं, पाठीला बांधायचं, वर नेऊन बसवायचं. लाकूड महाग म्हणून, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. आज आत्याला विचारलं. म्हणाली, "दोन दारं केली की निम्मी माणसं खाली राहतील, निम्मी वर. मग पुरात कोण कुणाला शोधणार?" म्हणून सगळ्यांची दारं एकाच दिवशी हलतात. कुणी मागे राहायचं नाही.

गेल्या वर्षी घाईत आमचं दार शेजारच्या काकांकडे गेलं, त्यांचं आमच्याकडे आलं. बदलायचा दोघांनाही कंटाळा. काका अजून अधूनमधून थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. आई पाण्याचा तांब्या पुढे करते — "बसा भावजी, दार तुमचंच आहे!"

८ मे

लिहून नेलं: 'गाव दोन ठिकाणी आहे.' साहेब हसले. कॉम्प्युटरला एकच जागा लागते म्हणे.

आणखी एक सांगितलं. याआधी दोनदा माणूस पाहणी करून गेलाय. एकदा उन्हाळ्यात. जुन्या नकाशात वस्ती वर, म्हणून तो थेट टेकडीवर गेला. दारं नाहीत, माणसं नाहीत — ओसाड! दुसऱ्यांदा भर पावसात, पलीकडच्या काठावरून बघितलं. खालची घरं उघडी — ओसाड! म्हणजे कचेरीच्या लेखी आमची दोन गावं आहेत आणि दोन्हींत कुणी राहत नाही.

तिथे हसू आलं. जिना उतरताना रडू आलं. कशाचं, कुणास ठाऊक.

९ मे

वहिनीला सातवा लागलाय. म्हणजे बाळंतपण पावसात, वर. तेव्हा नाव बंद असते.

मागच्या खेपेलाही असंच. सुईणीनं जमेल ते सगळं केलं. वरून पलीकडचा दवाखाना दिसत होता, त्याच्या खिडक्या दिसत होत्या! नदी ओलांडता येत नव्हती. मुलगी होती. घरात तो विषय कुणी काढत नाही.

मग वरच लिहायचं. नर्सबाई वर राहतील, पाऊसभर. झालं! एवढा वेळ का लावला मी?

१० मे

झालं नाही.

दादाला सांगायला केळीत गेले आणि खुंटीला ठेचकाळले. लाल रंग दिलेली नवी खुंटी. पुढे आणखी एक, आणखी एक.

"वाळूवाल्यांच्या," दादा म्हणाला. "ओसाड जागा त्यांना उपसायला सहज मिळते."

वर लिहिलं तर खालचं गाव कागदावर ओसाडच राहणार. केळी जाणार, काठ जाणार.

"मग खाली लिहायला हवं," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय."

"आणि वहिनी?"

"आत्तापर्यंत गावात बायका बाळंत झाल्याच नाहीत का?" फटकन बोलला. मग एकाच केळीची पानं कापत राहिला. शेवटी कापायला एक पान शिल्लक नव्हतं.

१४ मे

नावेच्या धक्क्यावर सगळे जमले. सगळे एकदम बोलले.

"खाली लिही पोरी, पोट खाली आहे."

"आणि जीव वर वाचतो, त्याचं काय?"

"नदीच्या मध्यात लिही, दोघांनाही सारखं अंतर!" हे काकांचं.

मी विचारलं, खोली खाली बांधली तर पावसात तिला कुलूप लागेल, नर्सबाई शहरात परततील, मग? काका म्हणाले, "त्यांनाही दार पाठीवर घेऊन वर चला म्हणू!" सगळे हसले. मीही हसले. मला माझाच राग आला.

बाबा शेवटी बोलले. "जमीन गेली तर वर कशाला जायचं आणि खाली कशाला यायचं?" खाली ठरलं.

वहिनी मागे शेंगा सोलत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

१५ मे

कोण चुकतंय? कुणीच नाही. मग हे असं का वाटतंय?

१९ मे

वहिनी धुणं धूत होती. मी पिळायला बसले.

"ठरलं का वन्सं?"

मी "खाली" म्हटलं, मग "पण" म्हटलं, आणि पुढचा कपडा पिळायला घेतला.

"गाव कुठे आहे ते तुम्ही शिकलेले ठरवा," ती म्हणाली. आवाजात राग नाही, काही नाही. "मी कुठे बाळंत होऊ, तेवढं सांगा."

कपडे आपटत राहिली. मग एकदम, खाली बघूनच — "त्या वरच्या खोलीत मला परत नाही जायचं." मी काही बोलायच्या आत, "साबण द्या इकडे."

दिला. एवढी पुस्तकं वाचून मी साबण दिला!

२७ मे

पान देऊन आले. खाली लिहिलं. खुंट्यांचंही लिहिलं, दारांचंही लिहिलं, म्हणजे पुन्हा कुणी ओसाड म्हणायला नको. साहेबांनी शिक्का मारला. म्हणाले, "छान लिहितेस!"

घरी सगळे खूश. बाबा धक्क्यावर दोघातिघांना सांगून आले. मी जेवले नाही.

३ जून

पाणी लाल झालंय. उद्या दारं निघणार. नावही उद्याच्या फेरीनंतर बंद.

दादा बिजागऱ्यांना तेल घालत होता. म्हटलं, वहिनीला आधीच पलीकडे नेऊ या, दवाखान्याजवळ. मी राहीन सोबत.

"घर वर निघालंय आणि सून पलीकडे? लोक काय म्हणतील?"

आत्या लगेच, "कुणी मागे राहायचं नाही."

"मागे कुठे, आत्या, पुढेच जाईल ना!"

कुणी हसलं नाही. आईनं माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, आणि गाठोडं बांधायला घेतलं. दादा तेल घालतच राहिला. बिजागरी कधीची भिजली होती.

मला कुणाची बाजू घ्यायची तेच कळेनासं झालंय. सगळ्या माझ्याच माणसांच्या.

४ जून

दवाखान्याच्या मागची खोली. वहिनी झोपलीय.

सगळे दारं पाठीवर घेऊन टेकडी चढत होते तेव्हा मी तिला नावेत बसवलं. शेवटची फेरी. पलीकडे उतरवताना नावाडी म्हणाला, "घरी काय सांगू?"

म्हटलं, वहिनी पळाली नाही म्हणावं. मी नेली.