मिटलेल्या शिंपल्या

माय, तुला लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराकडेही पाहू नकोस. दुधना नदीच्या डोहातल्या शिंपल्या तुला आठवतात का? उन्हाळ्यात तू काठावरची रिकामी शिंपली उचलून आणायचीस, दगडावर घासून तिच्या पाठीला भोक पाडायचीस. मग त्या भोकाच्या धारेनं चुलीपुढे बसून लोणच्याच्या कैऱ्या सोलायचीस, आणि सालीची लांब पट्टी माझ्या हातावर ठेवायचीस. मी जिवंत शिंपली उचलली की म्हणायचीस, "ठेव तिला. तिचं घर हाय ते."

मागल्या महिन्यात सुनेनं सांगितलं, शिंपली पाणी आत ओढते, त्यातलं बारीक शेवाळ गाळून खाते आणि उरलेलं पाणी बाहेर सोडते. ती शाळेत शिकवते, उगीच बोलायची नाही. पण तेव्हापासून माझी झोप उडाली. आपल्या न्हाणीचं पाणी नालीतून थेट डोहात उतरतं. कपड्यांची पावडर, फरशीचं फिनेल, संडासात ओतायचं अ‍ॅसिड, सगळं त्या बिचाऱ्यांच्या पोटातून जाणार. मी घाबरून सापडतील तेवढ्या शिंपल्या बादलीत घालून घरी आणल्या आणि नळाच्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या. त्या घट्ट मिटल्या, उघडेचनात. सुनेनं कपाळाला हात लावला.

"मामा, नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. वाचवायला म्हणून आणल्या आन् औषधात बुडवल्या की तुम्ही. इतक्या साफ पाण्यात खातील तरी काय?"

जल्दी परत नेऊन सोडल्या. घरी येऊन मला घास उतरेना, तेव्हा सुनेनं माझ्या मुलाला कामाला लावून अंगणात शोषखड्डा खणून घेतला आणि नालीचं तोंड तिकडं वळवलं. अ‍ॅसिडची बाटलीही बंद केली. म्हणाली, "आता तरी जेवा." पोटभर जेवलो, माय. अशी सून पाहायला तू हवी होतीस.

आज सकाळी गेलो तर एक शिंपली चिखलात अर्धी रुतून जराशी उघडी होती. माझं पाऊल पाण्यात पडताच मिटली. जिवंत आहे. काठावर बसून मी एकटाच हसत राहिलो. बाकीच्या मात्र दिसल्या नाहीत, आणि शेजारच्यांची नाली अजून तिकडंच जाते.

हे पत्र डोहात सोडावं असं मनात होतं. पण पेनाची शाई पाण्यात उतरेल म्हणून धीर झाला नाही, उशीखाली ठेवलंय. तिकडून तुला त्या बाकीच्या शिंपल्या दिसत असतील तर कसंही करून लवकर कळव.