कोबा का सुकत नव्हता

नांदूरघाट, २८ मार्च

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि फोन प्रवीणदादाकडे देतेस, म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. हे तूच वाच.

तुझ्या खोलीतली टाइल काढली. डिसेंबरात तिथं घसरून तुझं खुब्याचं हाड मोडलं आणि दादाकडे बीडला जाताना तू म्हणालीस, त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. तिथं आता लाकडाची जमीन करते आहे. सागवानी पट्ट्या, वर चकाकी नसलेलं तेल. दोन पट्ट्या खाली टाकून ओल्या पायानं चालून पाहिलं. पाय सरकत नाही.

पट्ट्या परळीच्या वखारीतून आणल्या, गठ्ठे सोडले आणि खोलीच्या मधोमध रचल्या. प्रत्येक थरात लाकडाच्या बारीक चिपा घातल्या, म्हणजे सगळीकडून वारा लागेल. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. त्या खोलीत ते स्थिर होण्याआधी ठोकलं तर पुढे फुगतं, नाहीतर फटी पडतात. सोमेश्वर सुतारांनी दरवाजा खालून तासून दिला आणि थप्पीकडे बघत म्हणाले, "ताई, लाकूड काय सोयरं हाय का, आठ दिस नुसतं बसवून ठिवायला?" मी त्यांना ओल मोजायचं यंत्र दाखवलं. त्यांनी ते आधी स्वतःच्या तळहाताला लावलं आणि विचारलं, "माझ्यात किती हाय?"

लाकूड पाचव्या दिवशी दहा टक्क्यांवर थांबलं. टाइलखालचा सिमेंटचा कोबा मात्र सुकेना. मी रोज ऑफिसातून आल्यावर मोजते. मार्चचं ऊन, खिडक्या उघड्या, आणि आठवडे गेले तरी आकडा तिथल्या तिथंच. न्हाणीघराचा नळ खालून बंद करून पाहिला. गच्चीवरची टाकी तपासली. मग खोलीचा नकाशा काढून ठिकठिकाणचे आकडे लिहिले, तेव्हा एक गोष्ट दिसली. भिंतीकडेला कोबा ओला होता, थप्पीच्या खाली कोरडा. ओल जमिनीतून येत असती तर थप्पीखालीही सापडली असती. म्हणजे पाणी वरून येत होतं. दुसरी गोष्ट अजून विचित्र. रविवारी संध्याकाळी आकडा उतरायचा आणि सोमवारी पुन्हा चढायचा. गळती रविवारची सुट्टी घेत नाही. मी घरी असले की पाणी येत नव्हतं.

गुरुवारी रजा टाकली आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. दहा वाजता मागचं दार किल्लीनं उघडलं. शेजारच्या भामाबाई, हातात बादली आणि फडकं. मला बघून दचकल्या, पण बादली काही खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "कावून गं, आज हाफिस न्हाई व्हय?" मी विचारलं, फरशीच उरली नाही तर पुसता काय? त्या म्हणाल्या, "फरशी ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. पारूबाईचा रोज फोन येतो, पुसलं का म्हनून. तू रयवारी घरी असती, म्हनून रयवारी येऊ नकू म्हनली. तुला सांगू नकू असंबी म्हनली." लाकूड भिजू नये म्हणून थप्पीच्या कडेकडेनं पुसत होत्या. एवढी काळजी घेतली होती.

म्हणजे ज्या घरात पाय ठेवायचा नाही, ते तू तीन महिने रोज पुसून घेते आहेस. आकड्यांच्या वहीत कोबा न सुकण्याचं कारण म्हणून मी हेच लिहिलं.

आता जे लिहायचं होतं ते. ती टाइल मी निवडली होती. बीडच्या दुकानात तू खडबडीत दाखवा म्हणत होतीस, आणि मी दुकानदारासमोर म्हणाले, आई, तुला यातलं काय कळतं. तू पडलीस तेव्हा दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, कशी काय पडली. तू म्हणालीस, माझंच लक्ष नव्हतं. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. चूक माझी होती. दादालाही आज हेच लिहिलं आहे.

कोबा सुकायला दहा दिवस लागतील, बसवायला दोन. चौदा एप्रिलच्या आत खोली तयार होते. फक्त पाणी थांबायला हवं, आणि भामाबाई माझं ऐकत नाहीत. आज सकाळीही येऊन गेल्या. त्यांना फोनवर सांग. नाहीतर तू ये, आणि समोर उभी राहून सांग.

तुझीच,
यशोधरा