मामाजी, पोतं आणू नका

अमरावती,
गुरुवार

तीर्थस्वरूप मामाजींना जावई योगेशचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? सासूबाई म्हणतात बरा आहे, तुम्हीही म्हणता बरा आहे, पण पायऱ्या चढताना तुम्ही भिंतीशी भांडता असं रागिणी म्हणते, म्हणून लेखी विचारतो. कापसाची वेचणी आटोपत आली असेल. इकडे सर्व कुशल. (हे लिहून थोडा थांबलो. सर्व कुशल असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? पण खोडत नाही, बरंचसं खरं आहे.)

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही तुमचं बोलता आणि ठेवून देता. परवा म्हणालात, "जवाईबापू, पोरगी पयले का मांजर पयले? रविवारी पोतं घेऊन येतो. दोन्ही मांजरायले गोठ्यात सोडतो, उंदरं लय मातले हायेत." मी "पण मामाजी" म्हणेपर्यंत तिकडे सामसूम. त्या "पण"च्या पुढचं सगळं इथे लिहितो आहे.

तुमची लेक लहानपणापासून दम्याची, हे तुम्ही मुलगी दाखवतानाच मोकळेपणाने सांगितलं होतं. मांजरांचं कोणी सांगितलं नाही, कारण ती तेव्हा नव्हती. मागच्या हिवाळ्यात आमच्या स्कूटरच्या कव्हरखाली दोन पिल्लं निघाली. काळंपांढरं ते मुनीम (दाराशी बसून आल्यागेल्याची नोंद घेतो) आणि तपकिरी ती सुपारी. रागिणी त्यांना मांडीवर घेते, शिंकते, नाक पुसते आणि पुन्हा मांडीवर घेते. छातीच्या डॉक्टरांनी तिच्या हातावर टोचून अ‍ॅलर्जीची तपासणी केली. त्यात मांजर निघालं आणि अंथरुणाच्या धुळीतले बारीक किडेही निघाले. मी त्यातलं मांजर तेवढं ऐकलं. (का ऐकलं, याचा पुष्कळ विचार केला. मुनीम माझ्या खुर्चीत बसतो. बायकोच्या श्वासाच्या आडून मी माझी खुर्ची तर सोडवत नव्हतो? डायरीत हा प्रश्न लिहून खाली जागा सोडली आहे. ती अजून कोरी आहे.)

तर दोघांना महिनाभर अकोल्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंजुषाकडे ठेवायचं ठरलं.  रागिणीने न्यायच्या डालग्यात, म्हणजे झाकणाच्या टोपलीत, स्वतःची जुनी शाल अंथरली. त्या शालीचा अर्थ मी तेव्हाच ओळखायला हवा होता. बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि मुनीमने जो सूर लावला तो मूर्तिजापूर आलं तरी सोडला नाही. समोरच्या बाई भाजीची पाटी पायाशी घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून हो भाऊ, लेकराले डालग्यात कोंडलं का?" मी झाकण किंचित उघडून दाखवलं, ही चूक. पुढचा प्रवास मुनीमने त्यांच्या मेथीत बसून केला आणि मी माफी मागत. सुपारी मात्र शेवटपर्यंत सभ्य होती. आठवड्यात मंजुषाचा फोन आला, "दादा, तुहा मुनीम माह्या सासूच्या पलंगावर झोपून राह्यला अन् सासूबाई खुर्चीवर बसून राह्यल्या."

इकडे मांजरं गेली, पण शिंका जाईनात. मग मला वाटलं, निदान तिला झोप तरी मऊ मिळावी. तुम्ही आंदणात दिलेली गादी (तुमच्या वावरातला कापूस, तसा कापूस मी पुन्हा पाहिला नाही, हे मनापासून लिहितो) बसून गेली होती. एरवी ती तुमच्याकडे येते, तुमच्या अंगणात पिंजली जाते आणि फुगून परत येते. या वेळी तुम्हाला तसदी नको म्हणून मी पिंजाऱ्याला इथेच आमच्या गच्चीवर बोलावलं. खाली झोपायच्या खोलीची खिडकी, हवा खेळावी म्हणून, मीच उघडी ठेवली. हवा खेळली. कापूस पडद्यांवर, कपाटावर, रागिणीच्या केसांत, सगळीकडे खेळला. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "मांजरं कुठे आहेत?" म्हटलं, अकोल्याला. "मग अमरावतीत तुम्ही काय केलं?" मी जरा अभिमानानेच गादीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला उगाच खोकला आला. रागिणीच्या तोंडावर वाफेचा मास्क होता, तिला बोलता येत नव्हतं. तिने दोन बोटं वर केली, मग दाराकडे दाखवलं. मला कळलं. मी अकोल्याला जाऊन दोघांना घेऊन आलो.

डॉक्टर खूश नाहीत, हेही सांगायला हवं. मांजराची अ‍ॅलर्जी खरीच आहे, श्वास पुन्हा बिघडला तर मांजरांचा वेगळा विचार करावा लागेल, असं त्यांनी बजावलं आहे आणि आम्ही मान्य केलं आहे. तोवर झोपायची खोली मांजरांना कायमची बंद. त्यांना विंचरणं, त्यांची जागा झाडणं माझ्याकडे. रागिणी दम्याचा पंप न चुकता घेते, मांजराला हात लावला की हात धुते. आणखी एक बदल सांगितला होता, तो केला. तो तेवढा खाली लिहितो. सध्या ती सलग झोपते, जिना न थांबता चढते आणि मला रागावताना मध्ये दम घेत नाही. मी खुर्ची मुनीमला दिली, स्टुलावर बसून हे लिहितो आहे. खरं सांगायचं तर बरं चाललं आहे.

तेव्हा मामाजी, रविवारी जरूर या, पण पोतं आणू नका. पोरगीच पयले. पण त्या पोरीला विचारलं तर ती म्हणते मांजरं तिची आहेत, आणि मला आता ती नाक गळत असतानाही हसताना दिसते.

सासूबाईंना नमस्कार.

तुमचा,
योगेश

ता. क. पोतं आणाच. मोठं आणा. तो राहिलेला बदल म्हणजे गादी. आता आम्ही चेनच्या खोळीतल्या फोमवर झोपतो. तुमची गादी मागच्या व्हरांड्यात गुंडाळून ठेवली आहे. ती फेकवत नाही, कोणाला देववत नाही, आणि तुम्ही संक्रांतीला नवी भरून देणार असं ऐकल्यापासून मला झोप नाही. कृपा करून नवी भरू नका आणि ही घेऊन जा. तुमच्या गुडघ्याला मऊ पडेल. मांजरांचं एवढं लांबवलं ते हे लिहायचा धीर होईना म्हणून.

ता. क. २. बाबा, मी रागिणी. गादीचं मी तुमाले फोनवर मागंच सांगतलं ना, ते तुमच्या जवाईबापूले माहीत नाई. लिहू द्या, यायले बरं वाटते. नवी गादी आईले ठेवा. पण पोत्याचं तोंड बांधाच्या आधी गादी उलगडून पाहून घेजा. मुनीम आजकाल तिच्यातच झोपते.