मीठ धुऊन काढल्यावर

अलेक्झांड्रिया,
४ मार्च

लाडक्या वजीह,

खुशाल असशील. तू भरून दिलेली मठाजवळच्या खाऱ्या तळ्याच्या पाण्याची बाटली मठातले धर्मगुरू अबूना बिशारा घेऊन आले. पाणी तसंच गुलाबी, वासही तसाच घाण. प्रयोगशाळेत सगळ्यांनी नाकं दाबली.

त्यातल्या जिवाणूंनी मात्र माझी झोप उडवली आहे. एवढ्या खारातही ते सुकत नाहीत, कारण पोटात ते एक राखणदार द्रव्य बनवतात. ते घडवणारं एन्झाइम मी वेगळं काढलं. शुद्ध हवं म्हणून मीठही धुऊन टाकलं, तर ते जे गप्प पडलं ते पडलंच. आमचे प्रयोगशाळाप्रमुख डॉक्टर सफवत म्हणाले, "दमयाना, कपडे धुतेस का? खारातलं पोर ते, खाराशिवाय कामाला कसं लागेल?" मीठ परत घातल्यावर आता थोडी धुगधुगी आहे. शनिवारी संशोधन समितीपुढे बोलायचंय आणि तयारीत माझं लक्षच लागत नाही.

ते काही नुसत्या एन्झाइममुळे नाही.

आईला अळणी खावं लागतं. त्यात हे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, नुसता मसूर. परवा तिच्या पलंगाखाली खारवलेल्या सलगमाची बरणी सापडली. मी ओरडले, तर म्हणते, "मरायचंच आहे, तर चवीनं मरू दे की." मी हसले, आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

तिची मूत्रपिंडं गेली आहेत, वजीह. दिवसाआड इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. तुझ्या मठापर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही. तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला बायबलवर हात ठेवायला लावला. म्हणाली, "रविवारी मठाची दीक्षा देताना त्याला पडद्याखाली झोपवून मयताच्या प्रार्थना म्हणतील, नवं नाव देतील. त्याआधी तो इथे आला, तर माझं तोंड बघून परत जायचा नाही. राहू दे त्याला तिथे."

मला तिचा राग आला. पण खरं सांगू? या घरात तू कधी धड बोललासही नाहीस, आणि तिथून आलेल्या तुझ्या पत्रांत तू हसतोस. तुला तिथून उपटून आणायची मला भीती वाटते. न कळवण्याची त्याहून जास्त वाटली, म्हणून शपथ मोडली.

ये, असं म्हणत नाही. पण जिन्यात पावलं वाजली की ती उठून बसते. ती पावलं शेजारणीची निघाली की भिंतीकडे तोंड फिरवते. हे तुला ठाऊक असायला हवं.

सोमवारपासून या नावाने तुला हाक मारता येणार नाही. म्हणून आजच मारून घेते. वजीह.

अजून तरी तुझीच ताई,
दमयाना