कुपनवर केलेलं काम

सर, मला जीएसटीची नोटीस आलीय. मोबाइलवर तिचा मेसेज वाजला तेव्हा मी एका बाईच्या भुवया करत होते. एका डोळ्यानं वाचलं, की बँकेत जमा झालेली रक्कम आणि भरलेलं रिटर्न जुळत नाही, खुलासा करा. दोरा त्या बाईच्या पापणीला लागला, ती दचकली. तेव्हापासून पार्लरचं दार वाजलं की आधी फटीतून बघते.

घडलं ते असं. सेलूतलं माझं पार्लर आणि तिथंच चालणारा पार्लरचं काम शिकवायचा क्लास मिळून उलाढाल वाढली, म्हणून जीएसटी नंबर घेतला होता. मग लग्नसराईच्या आधी कुपनं काढली: आज हजार भरा, वर्षभरात बाराशेचं काम करून घ्या. शंभरावर खपली. बायका फोनवरून पैसे पाठवायच्या, ते थेट खात्यात. पुढे कुणी कुपन घेऊन आली की काम करून द्यायचे आणि कुपन फाडून पिशवीत टाकायचे. बिल मात्र करत नव्हते. त्या दिवशी हातात पैसाच येत नाही, तर बिल कशाचं, असं वाटायचं. म्हणजे पैसे आले तेव्हा दाखवले नाहीत आणि काम केलं तेव्हाही नाही.

पार्लर काढायच्या कितीतरी आधीचा एक दिवस आठवतो: परभणीच्या तुमच्या हिशेबाच्या ऑफिसात मी कामाला नवीन आहे. एका फोटोग्राफरला लग्नाचे आगाऊ मिळालेले पैसे मी विक्रीत लिहिलेत. तुम्ही ओरडत नाही, नुसती वही बंद करता. "पैसे आले म्हंजे कमाई झाली न्हाई, बाई. काम होईस्तोवर ते दुसऱ्याचे. अन् काम झालं की बिल फाडायचं, पैसे कवा का आलेले असंनात." मी मागच्या खोलीत जाऊन रडते.

नवरा म्हणाला, ती कुपनं जाळून टाक, पैसे माझ्या भावानं दिले म्हणून सांगू. मी पिशवी गॅसपाशी नेलीही. पण दिराला कुणी विचारलं तर तो काय सांगेल, या विचारानं गॅस न पेटवताच मागे फिरले. प्रामाणिकपणामुळे नाही सर, भीतीमुळेच ती पिशवी वाचली.

सकाळच्या गाडीनं ती घेऊन परभणीच्या जीएसटी ऑफिसात गेले. अधिकारी बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी सांगितलं, जेवढी कुपनं वापरली गेली तेवढ्यांच्या हजारावर कर बसेल, वरचे दोनशे ही तुमची सूट. न वापरलेली अजून देणं म्हणून धरा, तेवढं काम तुमच्याकडे बाकी आहे. कर आणि व्याज भरा, दंडाचं नंतर कळवू. अजून कळवलेलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "हिशेबाचं काम कधी शिकलात का कुठं?" तुमचं ऑफिस तिथून दोनच गल्ल्या पलीकडे होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई मॅडम. मला कुणी शिकवलंच न्हाई."

त्यांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहून घेतलं. खाली मी सही केली. सर, तुम्ही आज हयात असता, तर हे तुम्हाला लिहायची माझी हिंमत झाली नसती.